पैऱ्याचा बैल

केरबाला बैल कळत असे. गावातल्या दुसऱ्या कुणाला कळत नसे असं नाही, पण इतरांना बैल बघून कळे आणि केरबाला बैलाच्या नुसत्या चालण्याच्या आवाजावरून. खरसुंडीच्या जनावरांच्या जत्रेला निघालेला माणूस आधी केरबाच्या दारात येऊन बसायचा, पान खायचा आणि मग हळूच म्हणायचा, "चल की गड्या संगं, एवढा बैल बघून दे." केरबा आढेवेढे घ्यायचा, कामाचं निमित्त सांगायचा आणि शेवटी डोक्याला पटका गुंडाळून जायचाच. कारण त्याला ते आवडायचं. अडीच एकराच्या धन्याला चारचौघांत मान मिळायची तेवढीच एक जागा होती, आणि मान कुणाला नको असतो?

त्याचं गाव इस्लामपूरच्या पुढं, कृष्णेच्या काठाला. त्या वेळी तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच धरला जायचा. जमीन सोन्यासारखी, पण वाटण्या होऊन होऊन एकेकाच्या वाट्याला एवढी चिंधी उरलेली की दोन बैल पाळायचे म्हणजे माणसांनी उपाशी बसायचं. म्हणून लहान शेतकरी पैरा करत. तुझा एक बैल, माझा एक बैल, दोन्ही मिळून एक औत. आज तुझं रान, उद्या माझं. केरबाचा हरण्या हा असाच अर्ध्या औताचा बैल होता. पांढराशुभ्र खिलार, शिंगं मागं वळलेली, डाव्या डोळ्याखाली काळा डाग.

हरण्याचा जोडीदार होता शेजारच्या जोतीरामचा. पण जर्मनची दुसरी लढाई संपली त्या साली जोतीराम तापानं गेला आणि त्याच्या दिवसपाण्याच्या खर्चात बैलही गेला. मागं राहिली त्याची बायको साळूबाई, दीड एकर रान आणि म्हातारी सासू. केरबा आणि जोतीराम सख्ख्या भावांसारखे वाढलेले, त्यामुळं साळूबाई केरबाला भावजी म्हणायची आणि तो तिला वैनी.

आता बैल आणायचा कुठून? सावकाराकडं जावं, तर कर्जनिवारणाचा कायदा आल्यापासून सावकारानं हात आखडला होता. दारात गेलेल्या माणसाला तो पाणी द्यायचा, पानसुपारी द्यायचा आणि पैशाचं नाव काढलं की कायद्याच्या नावानं बोटं मोडत बसायचा. उरली गावची सोसायटी. तालुक्याच्या बँकेतून सोसायटीला पैसा यायचा आणि सोसायटी तो सभासदांना द्यायची. पण कशासाठी? बियाणं, खत, विहीर आणि बैल. पोरीचं लग्न, आईचं दुखणं, भावाचा कज्जा यासाठी सोसायटीचा नियम नव्हता. आणि माणसाला गरज पडते ती नेमकी यांचीच. मग गावानं त्यावर तोड काढली. लग्न असो की दवाखाना, अर्जात लिहायचं बैल. सोसायटीच्या कागदावर त्या गावात एवढे बैल होते की खरेच असते तर गावाला उभं राहायला जागा उरली नसती.

साळूबाईनं मात्र बैलासाठी अर्ज केला तो बैलासाठीच. जोतीरामच्या जागी सोसायटीत तिचं नाव लागलं होतं. पहिला जामीन केरबा राहिला. पैसे हातात आले त्या दिवशी तिनं ते मोजलेसुद्धा नाहीत, तसेच केरबाच्या हातात दिले. "हरण्याला शोभंल असा आना, भावजी. जोडी दिसली पायजे."

केरबानं जत्रेत तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी त्याला हवा होता तो बैल सापडला. पांढराशुभ्र, शिंगं तशीच, उंची तीच, आणि गंमत म्हणजे डाव्या डोळ्याखाली तसाच डाग. हरण्याचा पाठचा भाऊच जणू. केरबाला इतका हर्ष झाला की पावती करताना जत्रेतल्या कारकुनानं "घेणाराचं नाव?" विचारलं, तेव्हा तो सवयीनं आपलंच नाव सांगून मोकळा झाला. पैसे मोजून झाले, कागद हातात आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. पण मागं रांग होती आणि कारकून खेकसत होता. केरबानं मनाशी म्हटलं, असू दे, बैल कुणाचा हे काय आपल्याला ठाऊक नाही? घरी आल्यावर त्यानं पावती साळूबाईला दिली. तिनं ती उतरंडीच्या मडक्यात जपून ठेवली. नाव बदलून आणायचं राहून गेलं. अशा गोष्टी राहूनच जातात.

तिनं बैलाचं नाव चिमण्या ठेवलं. हरण्या आणि चिमण्या औताला जुंपून निघाले की बांधावरची माणसं थांबून बघायची. केरबाची छाती फुगायची. साळूबाईच्या दीड एकरात त्या वर्षी जोंधळा असा आला की सासूनं पहिल्यांदा सुनेला बरं म्हटलं.

आणि मग माघात बातमी आली की बँकेचा सुपरवायझर बैल बघायला येणार.

सोसायटीचा चेअरमन नानासो. वागायला गोड, बोलायला त्याहून गोड. त्यानं बैलाच्या नावावर कर्ज काढून पोरीचं लग्न लावलं होतं. अर्जुना म्हणून दुसरा एक सभासद होता, त्यानंही बैल लिहून भावाचं देणं भागवलं होतं. साहेब येणार तो तिघांचे गोठे बघणार होता, नानासोचा, अर्जुनाचा आणि साळूबाईचा. आदल्या दिवशी नानासो केरबाच्या दारात आला, खाटेवर न बसता जमिनीवर बसला. चेअरमन जमिनीवर बसला म्हणजे काम मोठं आहे हे केरबानं ओळखायला हवं होतं.

"केरबा, हरण्या उद्याच्या दिस दे," नानासो म्हणाला. "आधी अर्जुनाच्या गोठ्यात, मग माज्या. मागच्या आळीनं हलवायचा. तासाभराचं काम."

"आन सायबानं वळकला तर?"

"शेरातला मानूस त्यो. त्याला बैलातलं काय कळतंय? तुज्यासारका हाय व्हय?"

हे शेवटचं बोलणं केरबाला गोड लागलं. वर नानासो म्हणाला की बैल दिसला नाही तर बँक सोसायटी बंद करील आणि अख्ख्या गावाची पत जाईल. केरबानं मान हलवली. गावासाठी करतोय असं त्याला वाटलं. खरं तर नानासोला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, पण स्वतःला असं कोण सांगतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर सायकलवरून आला. तरुण, चष्म्याचा, घामाघूम. अर्जुनाच्या गोठ्यात हरण्या उभा होता. साहेबानं बघितला, वहीत लिहिलं. मग नानासोनं त्याला सोसायटीच्या खोलीत नेऊन पोहे खायला घातले. तेवढ्यात इकडं अर्जुनानं हरण्या मागच्या आळीनं नेला, त्याच्या शिंगांना तांबडा हिंगूळ लावला, अंगावर झूल टाकली आणि नानासोच्या गोठ्यात बांधला. साहेब आला, बैलाजवळ गेला आणि त्यानं सहज शिंगावर हात ठेवला. हात उचलला तर बोटं तांबडी. खिशातून रुमाल काढला, बोटं पुसली आणि रुमाल पुन्हा घडी करून ठेवला. मागं उभ्या केरबानं ते बघितलं. नानासोनं मात्र काहीच न बघितल्यासारखं साहेबाला चहाला नेलं.

चहा झाल्यावर सगळे साळूबाईच्या दारात आले. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं. साहेब येणार म्हणून चिमण्याला नदीवर नेऊन घासूनपुसून धुतलं होतं आणि ती नुकतीच परतली होती. त्याचं तोंड, शिंगं अजून ओली होती. डाव्या डोळ्याखालचा काळा डाग लख्ख दिसत होता.

साहेब बैलापुढं उभा राहिला. त्यानं ओल्या शिंगाला हात लावला, मग आपली बोटं बघितली, मग तो डाग बघितला.

"रंग धुऊन काढलात वाटतं," तो म्हणाला.

साळूबाईला काही कळेना. "सकाळी न्हाऊ घातलं, सायेब."

"सकाळी नाही, आत्ता. मी चहा पीत होतो तेव्हा." साहेबाचा आवाज चढला. "एकच बैल तिसऱ्यांदा बघतोय मी. मला काय आंधळा समजता तुम्ही लोक?"

"आवं न्हाई, सायेब! ह्यो माजा चिमण्या हाय. माज्याकडं पावती हाय की!"

आणि ती लगबगीनं आत गेली. केरबाला समजलं की ती काय आणायला गेली आहे. उतरंडीची मडकी एकावर एक खाली ठेवल्याचा आवाज त्याला बाहेर ऐकू आला. तेवढ्या वेळात त्याला बोलता आलं असतं. आठ-दहा शब्द पुरले असते. साहेब, पावती माझ्या नावाची आहे, पण बैल तिचा आहे. पण मग साहेबानं विचारलं असतं, तुझा बैल कुठाय? आणि तुझा बैल नानासोच्या गोठ्यात झूल पांघरून उभा आहे हे केरबाला सांगावं लागलं असतं. त्यानं नानासोकडं बघितलं. नानासो आभाळाकडं बघत होता.

साळूबाईनं पावती आणून साहेबाच्या हातात दिली. तिला अक्षर येत नव्हतं. कागद उजव्या हातानं, डावा हात उजव्याच्या कोपराला लावून, अशा अदबीनं तिनं तो दिला. साहेबानं वाचला आणि हसला. त्या हसण्यात गंमत नव्हती.

"घेणार, केरबा रामजी. हे कोण?"

सगळ्यांच्या नजरा केरबाकडं वळल्या.

"तुम्ही का? या पुढं. हा बैल कुणाचा?"

केरबा पुढं झाला. डोक्याचा पटका सारखा करत उभा राहिला.

"सांगा की वं, भावजी," साळूबाई म्हणाली. "तुमीच न्हवं का जत्रंतनं आनलासा? माज्या पैशानं?" तिच्या आवाजात भीती नव्हती. भावजी आहेत, आता सांगतील आणि सगळं मिटेल, असा धीर होता.

"आता... काय सांगावं, सायेब," केरबा म्हणाला आणि खाली बघायला लागला.

तेवढंच बोलला तो. खोटं बोलला नाही, असं त्यानं पुढं कितीदा स्वतःला समजावलं. पण कुणाला समजवायचं ते? हा एवढा जाणता माणूस, कुठला बैल कुणाचा हे रात्री अंधारात चालीवरून सांगणारा, आणि डोळ्यांपुढं उभा असलेला बैल कुणाचा ते त्याला सांगता आलं नाही.

साळूबाई म्हणाली, "सायेब, तुमी हितंच बसा. मानूस धाडून हरण्याला बगा. दोन बैल हायती."

"माणूस कुठला धाडू? तुमच्याच गावचा ना?" साहेब म्हणाला. "आणि मी मागं जाईपर्यंत हा बैल माझ्या आधी तिथं पोचेल."

त्याचंही काय चुकलं? त्याला सकाळपासून फसवतच होते सगळे. नेमकं खरं पुढं आलं तेव्हा त्याचा विश्वास संपलेला होता. पण अर्जुना आणि नानासो यांच्या गोठ्यातले बैल वहीत लिहून झाले होते आणि ते खोडायचे म्हणजे चेअरमनशी वैर. साहेबही माणूसच, नवी नोकरी. त्यानं वहीत साळूबाईच्या नावापुढं लिहिलं: बैल नाही, कर्जाचा गैरवापर, रक्कम एकदम वसूल करावी. आणि सायकलवर बसून निघून गेला.

फाल्गुनात महिन्याच्या मुदतीची नोटीस आली. साळूबाईजवळ चिमण्याखेरीज विकण्यासारखं काही नव्हतं.

केरबा नानासोकडं गेला. नानासो म्हणाला, "आता मोडता घालू नगंस. बाईचं कर्ज फिटंल, फुडच्या साली मी सोता तिला नवं कर्ज काढून देतो." केरबा ते ऐकून परत आला. मग एक दिवस जिवाचा धडा करून तो तालुक्याला बँकेच्या दारात जाऊन उभा राहिला. शिपायानं सांगितलं, सुपरवायझर फिरतीवर आहे, परवा या. केरबाला केवढं हायसं वाटलं! पायऱ्या उतरताना त्याचं अंग हलकं झालं होतं. नाक्यावर आल्यावर त्याला त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, इतकी की तो गावाकडं यायच्या वाटेला न लागता ओढ्याच्या काठाला संध्याकाळपर्यंत बसून राहिला. परवा तो गेला नाही.

चैत्रात साळूबाई स्वतःहून त्याच्या दारात आली. "भावजी, उद्या बाजाराला चला. बैल इकायचा तर पावतीवालाच पायजे म्हनं."

म्हणजे केरबाशिवाय चिमण्या विकताही येत नव्हता. दुसऱ्या दिवशी कराडच्या बाजाराला दोघं चालत गेली. पुढं केरबा, हातात चिमण्याचं दावं, मागं साळूबाई. केरबाला वाटत होतं, तिनं शिव्या द्याव्यात, निदान एक ढेकूळ तरी फेकून मारावं. चिमण्यानं वाटेतल्या पाल्याला तोंड घातलं की ती "खाऊ द्या त्याला" एवढंच म्हणायची.

पलूसकडचा एक शेतकरी मिळाला. भाव पडला तो पडलाच, उन्हाळ्यात बैलाला गिऱ्हाईक कुठलं? बाजाराच्या कारकुनानं पावती बघितली.

"बैल तुमचाच ना?"

पुन्हा तोच प्रश्न. साळूबाई हाताच्या अंतरावर उभी होती. आता खरं सांगितलं असतं तर सौदा मोडला असता आणि तिची मुदत टळली असती. केरबानं मान वर न करता सांगितलं, "व्हय. माजाच."

आणि त्यानं सही केली.

आमच्या भागात जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. नव्या धन्यानं आपलं दावं आणायचं आणि जुन्यानं आपलं सोडून घ्यायचं. केरबानं चिमण्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि साळूबाईपुढं धरलं. तिनं हात पुढं केला नाही.

"तुमीच ठेवा, भावजी," ती शांतपणानं म्हणाली. "पावती तुमच्या नावाची, मंग दावंबी तुमचंच."

केरबानं ते खांद्यावर टाकून नऊ कोसांची वाट तुडवली. घरी येऊन गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. बैलाचे पैसे सोसायटीत भरून वर जे कमी पडलं ते तिनं दोन शेळ्या विकून भरलं. केरबा ते भरायला गेला होता. सोसायटीचा कारकून म्हणाला, बाईनं सांगितलंय, दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं नाही.

आषाढात बेंदूर आला. त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालून पुरणपोळीचा घास द्यायचा. साळूबाईच्या दारात बैल नव्हता. तरी दुपारी ती ताटात पोळी घेऊन केरबाच्या गोठ्यात आली, पैऱ्यातल्या दुसऱ्या बैलालाही घास द्यायची तिची दरसालची रीत होती म्हणून. तिनं हरण्याला ओवाळलं, घास दिला, त्याच्या मानेवरून हात फिरवला. मग तिची नजर खुंटीवर गेली.

"दाव्याला तेल लावा, भावजी. वाळून तुटंल. कुनाच्या तरी कामी येईल."

केरबाला राहवलं नाही. "वैनी, त्या दिशी हरण्या..."

"नानासोच्या गोठ्यात व्हता," ती म्हणाली. "ठावं हाय मला. सकाळी नदीवनं येताना मी बगितला की. अर्जुना मागच्या आळीनं वढत न्हेत व्हता."

केरबा बघतच राहिला. "तवाच ठावं व्हतं? मंग सायबाला सांगितलं का न्हाई? नाव घेऊन सांगायचं, नानासोच्या गोठ्यात बगा म्हून."

साळूबाईनं ताटावर पदर ओढला. "मी सांगितलं असतं तर तुमी चोर ठरला असता. मला वाटलं, तुमी सोता सांगाल. सोता सांगितलं म्हंजी मानूस चोर ठरत न्हाई." ती जायला वळली. "म्हून मी नुसतं म्हनले, सांगा की वं, भावजी."

ती गेली. तिच्या दीड एकरात त्या साली भाड्याचं औत फिरलं, तेही उशिरा, पेरणीजोगा वाफसा गेल्यावर. नानासोनं कबूल केलेलं नवं कर्ज कधी निघालं नाही. एकदा "बैल नाही" असं वहीत लागलेल्या नावाला कोण कर्ज देतो?

केरबा पुढं पुष्कळ जगला, पण खरसुंडीला पुन्हा गेला नाही. कुणी बैल बघून दे म्हणून दारात येऊन बसलं, तर तो म्हणायचा, "मला न्हाई त्यातलं कळत." लोकांना वाटायचं, म्हातारा मोठेपणा करतोय. ते हसून पुन्हा आग्रह करायचे. केरबा उठून गोठ्यात जायचा आणि खुंटीवरचं दावं काढून, तेलाचा बोळा घेऊन, ते लोक निघून जाईपर्यंत त्याला तेल लावत बसायचा.